स्कूबा डायव्हिंगला भरलेल्या अंगाला काय बसतं, जॅकेट बीसीडी (हवा भरून तरंगणं सांभाळायचं जॅकेट) की बॅकप्लेट-विंग (पाठीवर कडक प्लेट आणि तिच्यामागे हवेची पिशवी)?
शिकताना बहुतेक वेळा जॅकेटच मिळतं, पाण्यावर सरळ उभं ठेवतं हे खरं, पण त्यात हवा पोटाच्या बाजूंनाही भरते, त्यामुळे अंग भरलेलं असेल तर फुगवल्यावर छाती आवळते आणि श्वास पुरत नाही, म्हणून वेटसूट (पाण्यात घालायचा रबरी सूट) घालून, पूर्ण फुगवून बघाच, नुसतं बक्कल लागलं म्हणजे साइज बसला असं नाही. विंगमध्ये हवा फक्त पाठीमागे, आणि पट्टा एकच सलग, साधारण ५ सेंमी रुंद, तो हवा तेवढा लांब घेता येतो. स्टीलची प्लेट घेतली तर कमरेचं शिसंही (खाली जाता यावं म्हणून बांधतात ते वजन) कमी लागतं. पाण्यावर विंग जास्त फुगवली तर ती पुढे ढकलते, तेव्हा जरा मागे रेलायचं. मी तरी विंगच घ्या म्हणेन.