दोऱ्यांचे रंग निवडायला अ‍ॅडोबी कलर कसं वाटलं

भरतकामाचे रंग जुळवायला मी सध्या अ‍ॅडोबी कलर वापरतेय आणि मला जाम आवडलंय. वेबसाइट आहे, फोनच्या ब्राउजरमध्येही चालते, पैसे लागत नाहीत. फोटो टाकला की त्यातले 5 रंग काढून देते आणि फोटोवर जे गोल दिसतात ते बोटाने सरकवून हवा तो रंग उचलता येतो, हेच सगळ्यात भारी, कारण आपोआप निघालेल्या रंगांत बऱ्याचदा मागची भिंत नाहीतर सावलीच येते. शिवाय तेच रंग भडक हवेत का फिकट का गडद, तेही बदलून बघता येतं.

मला ब्लाउजच्या बाहीवर मोर भरायचा होता आणि रंग पैठणीशी जुळायला हवे होते. आता पैठणीची गंमत अशी की धूपछाव असेल तर ताणा म्हणजे उभे धागे एका रंगाचे, बाणा म्हणजे आडवे दुसऱ्या, त्यामुळे पदर हलवला की मोरपंखी कधी निळा दिसतो कधी हिरवा, आणि फोटोत त्यातला एकच येतो. म्हणून दोन बाजूंनी दोन फोटो काढा, दोन्हीतून रंग उचला. अँकर किंवा डीएमसी या कंपन्यांच्या भरतकामाच्या दोऱ्याची लडी 6 तारांची असते, त्या तारा सुट्या करून सुईत एक निळी आणि एक हिरवी अशा घेऊन भरलं की जवळपास तशीच झाक येते, एका शेडच्या दोऱ्याने ती येत नाही.

साइट रंगाचा कोड देते, दोऱ्याचा नंबर नाही. नंबरासाठी नेटवर डीएमसीचे तक्ते मिळतात आणि डीएमसीवरून अँकरचा नंबर काढायचेही, म्हणजे काळा डीएमसीत 310 तर अँकरमध्ये 403. काळ्याचं ठीक आहे हो, पण आमसुली, अबोली, शेवाळी असल्या रंगांत जवळचा नंबर म्हणजे तोच रंग असं अजिबात नसतं, त्यात दोऱ्याला चमक असते, भरीव टाका आडवा घातला की एक शेड आणि उभा घातला की दुसरी दिसते, ते स्क्रीनवर कसं कळणार! त्यामुळे नंबर लिहून दुकानात जा, लड्या कापडावर ठेवा आणि दारात उजेडात आणून बघा, ट्यूबलाइटखाली डाळिंबी आणि राणी रंगाचा फार घोळ होतो.

आणि एक, लड्या कापडावर मांडल्या की फोनने फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. जे दोन रंग सारखेच करडे दिसतील ते शेजारी भरले तर लांबून एकमेकांत मिसळून जातात, मोराची मान आणि पिसारा वेगळा कळतच नाही. हे फोनच्या गॅलरीतच होतं, वेगळं अ‍ॅप लागत नाही.

माझ्याकडून 5 पैकी 4 स्टार, दोऱ्यांचे नंबर थेट दिले असते तर पाचही दिले असते.