चुकीच्या कोडलाही हिरवा कंदील: टेस्ट लिहून देणाऱ्या तीन टूल्सची पारख

नागपूरच्या कळमना बाजारातून संत्री पाठवणाऱ्या ट्रान्सपोर्टरच्या भाड्याचा एक साधा नियम घ्या: १०० क्रेटपासून पुढे क्रेटला १८ रुपये, त्याखाली २० रुपये. कोडमध्ये 'क्रेट >= १००' हवं होतं, पण पडलं 'क्रेट > १००'. आता या फंक्शनवर टेस्ट जनरेटर, म्हणजे कोड तपासणाऱ्या टेस्ट आपोआप लिहून देणारं टूल, सोडा. सीमेवरचा १०० हा आकडा त्याच्या हाती लागला की तो फंक्शन चालवतो, उत्तर २००० येतं आणि तेच टेस्टमध्ये पक्कं होतं. टेस्ट हिरवी. व्यापाऱ्याशी ठरलं होतं १८००. उद्या कुणी ती चूक दुरुस्त केली, की हीच टेस्ट लाल होऊन बरोबर कोडला चूक ठरवते.

इव्होसूट, रँडूप आणि पिंग्विन ही तिन्ही टूल्स याच जातीची आहेत. कोड आज काय करतो ते ती नोंदवतात. कोडने काय करायला हवं, ते त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. हे डोक्यात पक्कं असेल तर तिन्ही फार कामाची आहेत, आणि तिन्ही फुकट आहेत.

इव्होसूट जावासाठी आहे. जेनेटिक अल्गोरिदमने, म्हणजे चांगल्या टेस्ट निवडून त्यांच्यापासून नव्या घडवत, तो कव्हरेज (टेस्टमधून कोडचा किती भाग चालतो ते प्रमाण) वाढवत नेतो. एका क्लाससाठी शोधाचा वेळ मुळात ६० सेकंद असतो; गुंतागुंतीच्या क्लासला तो वाढवून द्या. प्रत्येक क्लासमागे दोन फाइल्स मिळतात, एक टेस्टची आणि एक स्कॅफोल्डिंगची, म्हणजे टेस्टला लागणाऱ्या आधाराच्या कोडची. दुसरी फाइल नको म्हणून उडवली तर पहिली कंपाइलच होत नाही. नेहमी डोकं खाणारी अडचण वेगळीच: टेस्ट सगळ्या पास, आणि कव्हरेज मोजणारं जॅकोको टूल शून्य दाखवतं. कारण इव्होसूटचा रनर क्लास वेगळ्या क्लासलोडरमधून (जावात क्लास मेमरीत आणणारा भाग) लोड करतो. टेस्टच्या वरच्या ॲनोटेशनमध्ये 'सेपरेट क्लासलोडर' फॉल्स करा, आकडे दिसू लागतील. हे टूल जावा ८ च्या काळातलं आहे, त्यामुळे जावा १७ च्या प्रोजेक्टवर मोड्यूलच्या बंधनांशी झगडावं लागतं. नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कात किंवा मिहानमध्ये ज्यांच्या अंगावर जुना जावा ८ चा कोड पडलाय, त्यांनी आधी हेच घ्यावं.

रँडूपही जावासाठीच. तो मेथड कॉल्सच्या साखळ्या रँडम पद्धतीने जोडतो आणि आधीच्या कॉलचा निकाल बघून पुढची कडी निवडतो. मर्यादा दिली नाही तर १०० सेकंद चालतो आणि टेस्टचा नुसता ढीग घालतो. या ढिगात मोल आहे ते 'एरर टेस्ट' नावाच्या फाइलला. ऑब्जेक्ट स्वतःच्याच बरोबरीचा नाही, दोन समान ऑब्जेक्टचे हॅशकोड (ऑब्जेक्टवरून काढलेला ओळख-आकडा) वेगळे, असे जावाचे करार मोडलेले तिथे सापडतात. हे बहुधा खरे बग असतात, आणि ते पकडायला नियम कुणी सांगावा लागत नाही. 'रिग्रेशन टेस्ट'च्या फाइल्स मात्र वरच्या २००० रुपयांसारख्याच.

पिंग्विन पायथनसाठी. टाइप हिंट्स (आर्ग्युमेंट कोणत्या प्रकारचं हे सांगणाऱ्या खुणा) नसतील तर तो आर्ग्युमेंटला काहीही देऊन बघतो आणि बराच वेळ वाया घालवतो. म्हणून आधी निदान पब्लिक फंक्शन्सना हिंट्स लावा. अनपेक्षित एक्सेप्शन आलेल्या टेस्टवर तो 'एक्सफेल'ची, म्हणजे 'ही फेल होणं अपेक्षित आहे' अशी, खूण करतो. त्या एकेक करून वाचाच, बग बहुधा तिथेच लपलेला असतो. तो तुमचा कोड खरोखर चालवतो, तेव्हा फाइल पुसणारं किंवा डेटाबेसला हात लावणारं मोड्यूल असेल तर डॉकरशिवाय, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या कंटेनरशिवाय, चालवू नका. धोका समजलाय असं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने कबूल केल्याशिवाय तो सुरूच होत नाही, ही सोय फार चांगली.

मग टीडीडी (टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट, म्हणजे आधी टेस्ट आणि मग कोड लिहिण्याची पद्धत) कुठे? नवा नियम आला की आधी टेस्ट: १०० क्रेट, १८०० रुपये. ती लाल झालेली डोळ्यांनी बघा, मग कोड. हा १८०० चा आकडा व्यापाऱ्याच्या दरपत्रकातून येतो, तो कोणताही जनरेटर आणू शकत नाही. भाषा मॉडेलवर चालणारे असिस्टंट टेस्टला नावं सुरेख देतात, पण समोर फक्त कोड ठेवला तर तेही बहुतेकदा २००० च लिहितात.

जनरेटर आणि टीडीडी दोन्ही एकत्र वापरायचं असेल तर क्रम असा ठेवा. जुन्या क्लासला हात लावण्याआधी जनरेटर चालवा आणि टेस्ट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. नुसतं रिफॅक्टरिंग (वागणूक न बदलता कोडची रचना सुधारणं) करताना त्यातली एकही लाल होता कामा नये. इथे या टेस्ट सोन्यासारख्या उपयोगी पडतात. त्यानंतर पिटेस्ट चालवा; कोडमध्ये बारीक चुका घालून टेस्ट त्या पकडतात का हे बघणारं हे जावाचं टूल. तो मुद्दाम '>' चं '>=' करून बघतो. तरीही सगळं हिरवंच राहिलं, तर १०० क्रेटची टेस्ट कुणीच लिहिलेली नाही. ती दरपत्रक समोर ठेवून हाताने लिहा. आणि हाताने लिहिलेली टेस्ट आली, की त्या नियमाची जनरेट केलेली टेस्ट त्याच कमिटमध्ये काढून टाका. नाहीतर सहा महिन्यांनी 'टेस्ट३७' लाल होते, ती काय तपासते हे नावावरून कुणालाच कळत नाही, आणि घाईत कोडच उलटा फिरवला जातो.