निफ्टी 50 की नेक्स्ट 50? कंपन्या बदलतात तेव्हा काय होतं ते आधी बघा

इंडेक्स फंडात, म्हणजे निर्देशांकातलेच शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या फंडात, एसआयपी करायचं ठरलं की गाडी बहुधा निफ्टी 50 आणि निफ्टी नेक्स्ट 50 या दोन नावांपाशी येऊन अडते. परतावा आणि खर्च सगळेच पडताळून बघतात. यादीतल्या कंपन्या बदलतात तेव्हा काय होतं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. माझ्या मते खरा फरक तिथेच आहे.

निफ्टी 50 आणि निफ्टी 100 या राष्ट्रीय शेअर बाजारातल्या (एनएसई) अनुक्रमे 50 आणि 100 मोठ्या कंपन्यांच्या याद्या. निफ्टी 100 मधून निफ्टी 50 वजा केला की उरतो तो नेक्स्ट 50. दोन्ही याद्या वर्षातून दोनदा तपासल्या जातात आणि बदल मार्च व सप्टेंबरच्या अखेरीस लागू होतात. त्या दिवशी निर्देशांक उडी मारत नाही. नव्या कंपनीचं बाजारमूल्य जुनीपेक्षा कितीही मोठं असो, यादीतल्या कंपन्यांच्या बाजारमूल्याला ज्या विभाजकाने भागून निर्देशांक काढतात तोच जुळवून घेतला जातो आणि आकडा होता तिथेच राहतो. परिणाम दिसतो तो त्यानंतर.

निफ्टी 50 मध्ये पहिल्या दहा कंपन्यांकडेच निम्म्याहून जास्त वजन (निर्देशांकातला वाटा) असतं. बाहेर पडणारी कंपनी सहसा लोकलमधल्या चौथ्या सीटवरची. ती उठली म्हणून बाक हलत नाही. येस बँक मार्च 2015 मध्ये निफ्टीत आली. 2018 नंतर शेअर कोसळत गेला, 5 मार्च 2020 ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि 19 मार्चला ती यादीतून गेली. तोवर व्हायचं ते नुकसान निर्देशांकात मुरलं होतं आणि तिचं वजनही नगण्य उरलं होतं. (सेन्सेक्सने तिला डिसेंबर 2019 मध्येच निरोप दिला होता.) ‘निर्देशांक वाईट कंपन्या काढून टाकतो’ हे खरंच आहे, पण तो त्या पडून झाल्यावर काढतो.

नेक्स्ट 50 ला मात्र दोन दारं आहेत, एक वर निफ्टी 50 कडे आणि एक खाली, निफ्टी 100 च्या बाहेर. सप्टेंबर 2024 मध्ये निफ्टी 50 मध्ये दोन बदल झाले, नेक्स्ट 50 मध्ये सात. ट्रेंट आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स वर गेल्या. एलटीआयमाइंडट्री आणि डिव्हीज खाली आल्या. वाढवलेली पोरं दुसऱ्याच्या घरी आणि तिथली मागे पडलेली आपल्याकडे, असं वाटतं खरं. पण ट्रेंटची वर्षानुवर्षांची चढण नेक्स्ट 50 वाल्यांनी उपभोगली. ऑक्टोबरमध्ये 8,000 रुपयांच्या वर गेलेला शेअर फेब्रुवारी 2025 पर्यंत 5,000 च्या आसपास घसरला, तो निफ्टी 50 च्या खात्यावर. डिव्हीज तर खाली आल्यावर 2025 मध्ये वधारला.

मला खटकतं ते खालचं दार. त्याच सप्टेंबरमध्ये भेल, एनएचपीसी आणि युनियन बँक नेक्स्ट 50 मध्ये आल्या. सरकारी शेअर्सच्या तेजीने त्यांना आत आणलं होतं. भाव उतरले आणि मार्च 2025 मध्ये तिघीही बाहेर. तेजीत घेतलं, सहा महिन्यांत उतरत्या भावात विकलं. माणसाने केलं असतं तर आपण त्याला सल्ला द्यायला धावलो असतो.

नियमांचाही वाटा असतो. निफ्टी 50 मध्ये यायला शेअरचे वायदे-व्यवहार (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) चालू असावे लागतात. झोमॅटो आणि जिओ फायनान्शियलचे ते नोव्हेंबर 2024 च्या अखेरीस सुरू झाले आणि मार्च 2025 मध्ये बीपीसीएल व ब्रिटानियाच्या जागी दोघी वर गेल्या.

या खरेदी-विक्रीवर तुम्हाला कर भरावा लागत नाही, तो तुम्ही युनिट विकताना. पण फंडाला व्यवहाराचा खर्च येतो. म्हणून नेक्स्ट 50 चा फंड निवडताना निर्देशांकाच्या परताव्यापेक्षा फंड किती मागे पडतो, हे आधी बघा. निफ्टी 50 च्या फंडांत हा फरक सहसा कमी असतो.

पहिलाच फंड असेल तर मी निफ्टी 50 घेईन. तो रुळल्यावर, दहा वर्षं हात न लावण्याची तयारी असेल तर, एसआयपीतला चौथा हिस्सा नेक्स्ट 50 कडे. ‘आत येणार’ म्हणून बातमी वाचून शेअर थेट घेण्याचा तिसरा मार्ग मी मोजतच नाही. फेब्रुवारी आणि ऑगस्टमधल्या घोषणेच्या कितीतरी आधी दलाली पेढ्यांनी त्या नावांचे अंदाज छापलेले असतात.