डिजिटल वजनकाटा, १४ महिने वापरून झाल्यावर: ५ पैकी साडेतीन स्टार

कंपनीचं नाव देत नाही, कारण हे काचेचे काटे आतनं सगळे सारखेच असतात, चार कोपऱ्यात चार सेन्सर आणि वर काच. मी कोल्हापुरात राजारामपुरीत घेतला, दुकानदार चौदाशे म्हणत होता, साडेबाराशेला दिला. १८० किलोपर्यंत चालतो, १०० ग्रॅमचा फरक दाखवतो, पाय ठेवला की आपोआप चालू होतो. घेतला त्या दिवशी मी ९८.४ किलो होतो, उंची ५ फूट ७. आज सकाळी ८६.३.

पहिला प्रश्न सगळ्यांचा असतो की आकडा खरा दाखवतो का. मी गॅस सिलेंडरवर चेक केलं. भरलेल्या सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन वर कड्याजवळ पेंटनं लिहिलेलं असतं, दोन्हीची बेरीज करायची. खाली पोत्याची घडी टाकून सील न फोडलेली टाकी हळूच ठेवली (काच आहे, आपटू नका, बायकोनं मला तेव्हाच हात जोडले होते), २०० ग्रॅमचा फरक आला. पोत्याचं वजन धरलं तर तेवढाही नाही. म्हणजे काटा चोख.

आता खरी गंमत. आमचं घर शिवाजी पेठेत, जुनं, खाली शहाबादी फरशी, एक सुद्धा सपाट नाही. काटा मधल्या खोलीत ठेवला तर ९८.४ आणि मोरीजवळच्या फरशीवर ठेवला तर ९७.६. हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं आणि मग काय, काट्याचा मुक्काम मोरीजवळ. पंधरा दिवस मी तिथंच उभा राहत होतो, त्यात सुद्धा एक पाय जरा पुढं घेतला की अजून २०० ग्रॅम कमी. माझी भाची फिजिओथेरपी शिकते, ती सुट्टीला आली आणि सकाळी सकाळी माझी ही कसरत बघून म्हणली, "मामा, तू वजन करतोयस का काट्याला फसवतोयस?" मी म्हणलं फरशी सपाट आहे तिथली. तिनं मोबाईलवर लेव्हल लावून दाखवलं, तीच सगळ्यात तिरकी होती.

हे हसण्यावारी नेलं, पण रात्री डोक्यात फिरत राहिलं. कारण दहा वर्षं मी हेच करत आलोय, कमी दाखवणारी फरशी शोधत. तीन वर्षांपूर्वी वजन उतरवायला एका शेकवाल्यांच्या क्लबात (जेवणाऐवजी पावडर घोळून प्यायला देतात ते) गेलो होतो, सकाळी पावडर, रात्री पावडर, ९० दिवसांत ९ किलो गेले, माझा फोटो भिंतीवर, टाळ्या, २१ दिवसात सवय लागते वगैरे भाषणं. वर्षाच्या आत ११ किलो परत आले आणि फोटो मात्र तिथंच राहिला, एकदा गपचूप बघून आलोय. त्या ९० दिवसात मला भूक कधी लागते, कशानं लागते, लग्नाच्या पंगतीत काय करायचं, यातलं काही शिकायला मिळालं नाही, नुसतं दात दाबून दिवस मोजले. आणि २१ दिवसाचं म्हणाल तर भाचीनंच सांगितलं, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं ९६ लोकांवर बघितलं होतं (२०१० ला छापून आलंय), सवय अंगात मुरायला साधारण ६६ दिवस, कुणाला १८ तर कुणाला २५४ पर्यंत. त्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही. क्लबात एक दिवस चुकला की परत पहिल्यापासून, सगळ्यांसमोर कान धरल्यासारखं व्हायचं.

त्यात आपलं कोल्हापूर. इथं 'तब्येत' म्हणजेच वजन. आमच्या घरात तालमीत जाणारे होते, आजोबा खासबागेत लढलेले, दूध-तूप-बदाम थंडाई हा खुराक. त्यांच्या जोर-बैठका सुटल्या, आमच्या पिढीत कुणी लंगोट बांधला नाही, खुराक तेवढा चालू राहिला. मी ४ किलो उतरलो तेव्हा गंगावेशला दूध प्यायला उभं असताना एक ओळखीचे भेटले, म्हणले, "काय रे, साखर निघाली का? चेहरा उतरलाय." घरी आई पण तेच. पोटाचा घेर १०८ सेंटिमीटर होता तेव्हा कुणी काही बोलत नव्हतं, पुरुषांसाठी ९० च्या वर धोका धरतात हे कुणाला माहितीच नाही. अशा गावात बारीक व्हायचं तर उत्साह-बित्साह दोन आठवडे पुरतो, पुढं तोंड बंद ठेवायची आणि हसून "बरं वाटतंय आता" म्हणायची सवय लागते, तीच कामाला येते.

तर भाची जायच्या आधी काटा मधल्या खोलीत गेला, सगळ्यात सपाट फरशीवर, खडूनं चार खुणा केल्या. नियम एकच, सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, जे दिसेल ते लिहायचं. कुठं? कॅलेंडरवर, जिथं दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकोनात. आता आमच्या प्रत्येक तारखेला "२ ली." आणि त्याखाली ९५.७ असं काहीतरी असतं. बायको एकदा दूधवाल्याचा हिशोब करताना म्हणली, "अहो, या महिन्यात ९४ लिटर दूध कसं काय?"

पहिल्या महिन्यात आखाड आला. मित्राच्या शेतात तांबडा-पांढरा, सुकं मटण, भाकरी किती खाल्ल्या ते मोजलं नाही. दुसऱ्या दिवशी काट्यावर १.६ किलो जास्त. पूर्वी मी इथंच सोडून दिलं असतं, गेलं सगळं पाण्यात म्हणून दुपारी मिसळ चापली असती. या वेळी कागदावर हिशोब केला, एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी, मग १.६ किलो चरबी चढायला गरजेपेक्षा १२ हजाराच्या वर कॅलरी एका रात्रीत जास्त खाव्या लागतील. एवढं मी सुद्धा खाऊ शकत नाही. ते मिठानं धरून ठेवलेलं पाणी, भाकरी-भाताचा साठा अंगात राहतो त्याबरोबर राहिलेलं पाणी, आणि पोटात असलेलं अन्न. नेहमीचं खाल्लं आणि चौथ्या दिवशी आकडा खाली. हे दोन-तीनदा स्वतःच्या डोळ्यानं बघितल्यावर काट्याची भीती गेली. आता मी रोजच्या आकड्याकडं बघून न बघितल्यासारखं करतो आणि रविवारी सात दिवसाची सरासरी काढतो, ती खरी.

एक मात्र सांगतो, ज्याला आकडा बघून दिवसभर वाईट वाटतं, जेवण टाकावंसं वाटतं, त्यानं रोज काट्यावर चढू नये, आठवड्यातनं एकदा बास. माझ्या बहिणीला मी मोठ्या हौसेनं दुसरा काटा घेऊन दिला होता, तिनं तो महिन्यात पलंगाखाली ढकलला आणि कमरेला टेप लावायला सुरुवात केली, तिचं तिला बरोबर आहे.

डिसेंबर ते फेब्रुवारी आकडा ८९ च्या आसपास अडकला, हलेना. चालणं तेच (रंकाळ्याला रोज ५० मिनिटं, पावसात घरातच जिना), जेवण तेच. वजन उतरलं की शरीर खर्च कमी करतं आणि भूक वाढवतं, त्यामुळं ९८ किलोला जे जेवण कमी होतं तेच ८९ ला पुरेसं होऊन बसतं. भाचीला फोन केला, ती म्हणली, "मामा, अडकलंय म्हणजे वाढत नाहीये ना?" हे माझ्या डोक्यातच नव्हतं आलं. त्या क्लबानंतर याच टप्प्यावर मी चढायला लागलो होतो. तीन महिने मी उतरवायचा नाद सोडला आणि नुसतं ८९ धरून ठेवायचा सराव केला, दोन लग्नं, एक जावळ आणि जोतिबाचा नैवेद्य पार करून. मार्चमध्ये रात्रीची एक भाकरी कमी केली, परत हलला.

आता तक्रारी, दीड स्टार कुठं गेला ते.

काट्याबरोबरचं मोबाईल अ‍ॅप रद्दी आहे. काटा पायातनं हलका करंट सोडून चरबी, पाणी, हाडं सगळं सांगतो म्हणे. अंघोळीच्या आधी चरबी ३१ टक्के आणि नंतर २९, म्हणजे अंघोळीत दोन टक्के चरबी वाहून गेली का? अंगातलं पाणी, पाय ओले-कोरडे यावर तो आकडा नाचतो. वर "तुमचं शारीरिक वय ५४". मी ४३ चा आहे. ब्लूटूथ दर चार दिवसांनी तुटायचं, शेवटी अ‍ॅप उडवलं. पेसमेकर असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी हे करंटवालं फीचर वापरू नये असं माहितीपत्रकात बारीक अक्षरात आहे, दुकानदार सांगत नाही.

ओल्या पायानं काच घसरते, आई एकदा थोडक्यात वाचली, तेव्हापासून वर किराणा दुकानातली रबरी जाळी कापून टाकलीय (तिचे ३० ग्रॅम माफ). खालचा एक रबरी पाय अकराव्या महिन्यात निघाला, वॉरंटी एक वर्षाची होती तरी दुकानदार म्हणला कंपनीला पाठवावं लागेल, पंधरा दिवस लागतील. पंधरा दिवस काटा घराबाहेर नको म्हणून फेविक्विक लावला. चिकटवल्यावर परत सिलेंडर ठेवून बघितला, या वेळी ३०० ग्रॅम जास्त दाखवतोय. तसाच ठेवलाय, खडूच्या खुणांवर.