वेगदर्शक फलक की गावकऱ्यांचे पथक?

इंग्लंडमधील एका खेड्याच्या पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीवर, असलेल्या माझ्या भाचीपुढे पेच आहे: ताशी ३० मैलांच्या हद्दीत सुसाट जाणाऱ्या मोटारींसाठी विजेरी वेगदर्शक फलक घ्यावा की ‘कम्युनिटी स्पीडवॉच’चे, म्हणजे रस्त्यावर गाड्यांचा वेग टिपणारे गावातले स्वयंसेवक उभे करावेत?

फलकाचे काही हजार पौंड प्रिसेप्टमधून, म्हणजे कौन्सिल टॅक्स या घरपट्टीसारख्या करातल्या गावाच्या वाट्यातून, काढावे लागतात. शिवाय तो एकाच खांबावर राहिला तर चालकांच्या अंगवळणी पडतो, म्हणून अधूनमधून हलवणारा माणूसही लागतो. पथक स्वस्त पडते, परंतु भडक जाकिटे घालून रस्त्याकडेला तिष्ठणारे गावकरी मिळणे कठीण, आणि शेजाऱ्याचाच नंबर टिपावा लागला तर कटुता वेगळीच. दंड दोन्हींतून होत नाही. पथकाच्या नोंदीवरून पोलीस गाडीमालकाला पत्र तेवढे धाडतात.

परगावच्या गाड्यांची वर्दळ असेल तर फलक घ्यावा. ठरावीक चालकच बेफाम असतील तर पथक.