माडांना ‘इंजेक्शन’ मारणाऱ्यांपासून सावध राहा

कोकणात गावोगाव मोटारसायकलवरून फिरणारी एक जोडी आहे. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर फवारणीचा पंप, पिशवीत ड्रिल मशीन. ‘कृषी खात्याच्या योजनेतून आलोय, माडांची तपासणी फुकट,’ असं सांगून आवारात शिरतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या घरी आई एकटी असताना ते आले आणि माडामागे 600 रुपये या हिशेबाने नऊ माडांचे 5,400 रुपये घेऊन गेले. पैसे गेलेच, पण त्यांनी माडांचं जे केलं त्याची चीड जास्त आहे. म्हणून सविस्तर लिहितोय.

त्यातला एकजण खोडाला कान लावून म्हणाला, “काकी, आत कुरतडल्याचा आवाज येतोय. सोंड्या भुंगा लागलाय.” सोंड्याच्या अळ्या खोडात असल्या तर कान लावल्यावर तसा आवाज खरंच येतो. हे कोकणात बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं, त्यामुळे लगेच पटतं. मग त्याने खोडाच्या एका जुन्या खाचेत सळी खुपसली आणि तळहातावर जाडजूड पांढरी अळी ठेवून दाखवली. आईचा धीर तिथेच सुटला. हे माड बाबांनी लावलेले आहेत.

शेजारच्या मुलाने त्या अळीचा फोटो काढला होता म्हणून बरं. फोटो मोठा करून पाहिला तर अळी अर्धवट वळलेली आणि डोक्यामागे पायांच्या तीन जोड्या स्वच्छ दिसत होत्या. सोंड्याच्या अळीला पायच नसतात! पायवाली पांढरी अळी गेंड्या भुंग्याची नाहीतर हुमणीची. गेंड्याची अळी शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजक्या ओंडक्यात वाढते, हुमणीची मातीत. जिवंत माडाच्या खोडातून ती निघणं शक्य नाही. ती त्यांनी सोबतच आणली होती.

पुढे प्रत्येक खोडाला ड्रिलने भोकं पाडून पाण्याच्या साध्या बाटलीतलं पांढुरकं काहीतरी आत ओतलं आणि वर सिमेंट थापलं. बाटलीवर लेबल नाही. कीटकनाशकाच्या लेबलवर ते किती विषारी आहे हे दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतोच. आईच्या म्हणण्याप्रमाणे वास फिनेलचा होता. “नारळ काढायचे का?” असं तिने विचारलं तर “खुशाल काढा,” म्हणाले. माडाला मुळावाटे मोनोक्रोटोफॉस हे जहाल कीटकनाशक द्यायची पद्धत होती, तेव्हा 45 दिवस नारळ उतरवू नका असं बजावून सांगत. बाटलीत खरंच तसलं काही असतं तर? हा विचार आला की अजून अंगावर काटा येतो.

आंब्याची जखम सालीने हळूहळू भरून येते, माडाची कधीच भरत नाही. सोंड्याची मादी अंडी घालायला अशाच जखमा शोधते. पावसाळा सरता सरता दोन माडांच्या त्याच भोकांतून तांबूस चीक गळायला लागला, चघळलेला चोथा बाहेर आला. एकाचा शेंडा कलंडला, तो तोडावा लागला. जो रोग नव्हता तो या लोकांनी लावून दिला.

तालुका कृषी कार्यालयात चौकशी केली. असं कुठलंही पथक पाठवलेलं नव्हतं. तिथल्या सहायकांनी येऊन बाकीचे माड पाहिले, एक रुपया न घेता. उरलेली भोकं डांबराने बुजवली, आवाराच्या कडेला सोंड्यासाठी कामगंध सापळा (वासाने भुंगे ओढून अडकवणारा) लावला. नव्या झावळ्यांवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसले तर तो गेंड्या. पाडेल्याला (माडावर चढून नारळ उतरवणाऱ्याला) आकडीने शेंड्यातला भुंगा ओढून काढायला सांगायचं आणि शेणखताचा खड्डा उपसून अळ्या मारायच्या, असंही त्यांनी समजावलं. खोडाला भोक पाडायचा सल्ला कुणी दिला नाही. शंका असेल तर रत्नागिरीजवळ भाट्ये इथे नारळ संशोधन केंद्र आहे, तिथे विचारा.

पावती दिली होती, पण तिच्यावर ना नोंदणी क्रमांक, ना पत्ता. ती आणि फोटो पोलिसांत दिलेत. हीच जोडी आता राजापूरच्या बाजूला आंब्याच्या भिरुडाचं (खोड पोखरणाऱ्या किडीचं) औषध म्हणून फिरतेय असं कळलंय. त्या भागात ज्यांचे आईवडील एकटे राहतात त्यांनी आजच घरी फोन करा.