शझॅम: जुन्या कॅप्टन मार्व्हलच्या गोष्टी, काही महिने वाचल्यावर

आज ज्याला सगळे शझॅम म्हणून ओळखतात, त्या कॅप्टन मार्व्हल या कॉमिक्समधल्या नायकाच्या निवडक जुन्या गोष्टींचं जाड पुस्तक गेले काही महिने आमच्या घरी रात्रीच्या वाचनाला आहे. मी वाचता वाचता मराठीत सांगतो, मुलगी चित्रं बघते. तिला वेड लागलंय, आणि खरं सांगायचं तर मलाही.

नायक म्हणजे बिली बॅटसन, पेपर विकणारा अनाथ पोरगा. ‘शझॅम’ हे एका म्हाताऱ्या जादूगाराचं नाव उच्चारलं की वीज कडाडते आणि तो धिप्पाड कॅप्टन मार्व्हल होतो. शलमोनाचं शहाणपण, हर्क्युलिसचं बळ, अ‍ॅटलासचा दम, झ्यूसचं सामर्थ्य, अकिलीसचं धैर्य, मर्क्युरीचा वेग. या सहा नावांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून तो शब्द झालाय. बिल पार्कर आणि सी. सी. बेक यांचा हा नायक फेब्रुवारी १९४० च्या ‘व्हिझ कॉमिक्स’मध्ये पहिल्यांदा आला.

पुन्हा पुन्हा वाचताना लक्षात येतं ते हे, की सगळी ताकद त्या एका शब्दात आहे आणि तो बिलीलाच म्हणावा लागतो. म्हणून खलनायक त्याच्या तोंडात बोळा कोंबतात. तिथे माझी मुलगी अक्षरशः श्वास रोखून बसते. सुपरमॅन जन्मतःच बलवान. इथे मात्र कॅप्टनच्या आधी एका पोराला हिंमत करावी लागते, आणि काम झालं की तो पुन्हा पोरगाच. मुलांना हे फार जवळचं वाटतं.

बेक यांची रेषा स्वच्छ, पार्श्वभूमी मोजकी. आठ-दहा पानांची गोष्ट एका बैठकीत संपते. १९४७ मध्ये आलेला टॉनी, म्हणजे सूट घालून माणसांत राहू पाहणारा बोलका वाघ, आमच्या घरी सगळ्यांचा लाडका आहे. डॉक्टर सिवाना हा खलनायकही उत्तम, पण त्याचे बेत तेच तेच होतात. सलग वाचू नका.

छपाई छान आहे, पण गुळगुळीत पांढऱ्या कागदावर रंग जरा भडक वाटतात. बांधणी इतकी घट्ट की मधल्या घडीतली अक्षरं वाचायला पुस्तक दाबून धरावं लागतं.

पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. युद्धकाळातल्या काही गोष्टींत जपानी माणसांची चित्रं अपमानास्पद आहेत. स्टीमबोट या काळ्या पात्राचं चित्रण तर इतकं वाईट होतं की शाळकरी मुलांनीच विरोध केल्यावर १९४५ मध्ये ते काढून टाकलं. अशा गोष्टी मी आधी स्वतः वाचतो आणि मुलीशी त्याबद्दल बोलतो.

नावाचा घोळ थोडक्यात असा: सुपरमॅनच्या प्रकाशकांनी नक्कल केल्याचा दावा लावला, तो बारा वर्षं चालला आणि १९५३ मध्ये तडजोड होऊन ही कॉमिक्स बंद पडली. १९७३ मध्ये नायक परतला तोवर ‘कॅप्टन मार्व्हल’ हे नाव दुसऱ्या कंपनीकडे गेलं होतं, म्हणून मुखपृष्ठावर ‘शझॅम’ आलं. शोधताना दोन्ही नावांनी शोधा, आणि १९४० च्या दशकातल्याच गोष्टी आहेत ना, हे अनुक्रमणिकेत बघून मगच घ्या.